ठोका कोणता, खरखर कोणती: हे कोण ठरवणार?

2017 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने हृदयातल्या स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. साधा स्टेंट 7,260 रुपयांच्या वर नाही, औषधाचा लेप असलेला 29,600 च्या वर नाही. ज्यांच्या घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली होती, त्यांनी कपाटातली जुनी बिलं काढून पाहिली. ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांचा नंबर लागला. तेव्हापासून पेसमेकरचा विषय निघाला की पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि बहुतेक वेळा शेवटचाही तोच. देशी की परदेशी, एका तारेचा की दोन तारांचा, एमआरआय चालणारा की न चालणारा, सगळ्याचं उत्तर रुपयांत मिळतं आणि आपण समाधानाने उठतो.

किमतीचा प्रश्न खोटा नाही. पण स्टेंट आणि पेसमेकर एकाच तागडीत टाकण्यात मोठी गफलत आहे. स्टेंट बसला की बसला, तो पुढे काही ठरवत नाही. पेसमेकर ठरवतो. हृदयाने आत्ता स्वतःहून ठोका दिला की नाही, हे ठरवूनच तो आपला ठोका द्यायचा की गप्प बसायचं याचा निर्णय करतो. मिनिटाला 70 ठोके धरले, तर दिवसाला लाखाहून जास्त वेळा. हा निर्णय ज्या नियमांनी होतो ते नियम रुग्णाला माहीत नसतात, बसवणाऱ्या डॉक्टरांना अर्धेमुर्धे माहीत असतात, आणि पैसे भरणाऱ्या सरकारने ते कधी मागितलेले नसतात. माझं म्हणणं सरळ आहे. सार्वजनिक पैशातून बसवल्या जाणाऱ्या पेसमेकरचे ऐकण्याचे नियम लेखी, खुले आणि तिऱ्हाइताला तपासता येतील असे असले पाहिजेत. किमतीची घासाघीस त्यानंतर.

हे नियम म्हणजे नेमकं काय, ते समजल्याशिवाय ही मागणी एखाद्या चळवळ्याची हौस वाटेल. म्हणून थोडं आत शिरतो.

8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. शल्यचिकित्सक होते ओके सेनिंग, आणि यंत्र बनवलं होतं अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी. दोन ट्रान्झिस्टर, एक बॅटरी, आणि सगळं इपॉक्सीत ओतायला साचा म्हणून बूटपॉलिशची डबी. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. लार्सन मात्र आयुष्यात एकूण 26 पेसमेकर वापरून 2001 सालापर्यंत जगले, सेनिंग आणि एल्मक्विस्ट हे दोघे गेल्यानंतरही.

त्या पहिल्या यंत्राला ऐकायची सोयच नव्हती. ठराविक वेळाने ठोका द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण ज्याचं हृदय कधी चालतं आणि कधी अडखळतं, अशा माणसात हे धोक्याचं आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला पूर्वपदावर यायला थोडा अवधी लागतो. नेमक्या त्या नाजूक क्षणी बाहेरून विजेचा झटका बसला, तर क्वचित का होईना, लय पार विस्कटू शकते. 1960 च्या दशकात बरूह बर्कोविट्स यांनी गरजेपुरता चालणारा, म्हणजे डिमांड पेसमेकर बनवला. आधी ऐकायचं. हृदयाने आपला ठोका दिला असेल तर गप्प बसायचं, ठरलेल्या वेळात नाही दिला तरच आपण द्यायचा. पेसमेकर निर्णय घ्यायला लागला तो इथून. पुढच्या साठ वर्षांतली बहुतेक हुशारी, आणि माझ्या मते बहुतेक धोकाही, या ऐकण्यात आहे.

तारेचं टोक हृदयाच्या खालच्या कप्प्यात टेकलेलं असतं. तिथे पोचणारा ठोक्याचा संकेत साधारण 5 ते 15 मिलिव्होल्टचा भरतो. वरच्या कप्प्यातला त्याहून बारीक, बरेचदा दोन-तीन मिलिव्होल्ट. एवढाच संकेत असता तर काम सोपं होतं. पण त्याच तारेवर बाकी गलका असतो. ठोका संपल्यावर खालच्या कप्प्याचा स्नायू पूर्वपदावर येताना उठणारी मंद लाट असते. हात जोरात ओढला, वजन उचललं की छातीच्या स्नायूंची खरखर येते. दुसऱ्या कप्प्याचा ठोका दुरून ऐकू येतो. घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण असते. स्वारगेटच्या एस.टी. स्टँडवर भोंगे, हॉर्न आणि फेरीवाल्यांच्या ओरड्यात आपल्या गाडीचं नाव तेवढं पकडायचं, तसलं हे काम. फरक इतकाच की इथे गाडी चुकली तर पुढची मिळण्याची खात्री नसते.

मग मंडल, म्हणजे यंत्रातलं सर्किट, काय करतं? पहिली पायरी प्रवर्धकाची, आलेला संकेत मोठा करायचा. दुसरी फिल्टरची. ठोक्याचा चढ तीव्र असतो, त्याची बरीचशी ऊर्जा दहा-वीस-तीस हर्ट्झच्या आसपास असते. नंतरची मंद लाट त्याच्या खाली असते, स्नायूंची खरखर बरीचशी वर. म्हणून मधला पट्टा ठेवायचा आणि दोन्हीकडचं कापायचं. अडचण अशी की हे पट्टे एकमेकांत मिसळलेले असतात. स्नायूंच्या खरखरीचा काही भाग ठोक्याच्या पट्ट्यात येतोच. फिल्टर अरुंद करावा तर खरा ठोकाही पिचतो. तिसरी पायरी तुलनेची. उरलेला संकेत ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर गेला तर तो ठोका, नाही गेला तर खरखर.

हा उंबरठा कुठे ठेवायचा? खाली ठेवला, तर यंत्र खरखरीलाच ठोका समजून गप्प बसेल, आणि ज्याचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर चालतं तो माणूस चक्कर येऊन पडेल. वर ठेवला, तर खरे ठोके सुटतील आणि यंत्र हृदयाच्या ठोक्यांवर आपले ठोके लादत राहील. शून्य चूक देणारा आकडा अस्तित्वातच नाही. कोणती चूक जास्त परवडते, याचा तो निवाडा आहे. हा निवाडा कुणीतरी, कुठेतरी, आधीच करून ठेवलेला असतो. डॉक्टर नंतर तो थोडा इकडेतिकडे सरकवू शकतात, पण सरकवण्याची मुभा किती, तेही आधीच ठरलेलं असतं.

सलग खरखर आली तर काय करायचं, हा त्याहून अवघड प्रसंग. समजा माणूस अर्थिंग नसलेल्या वॉशिंग मशीनला ओल्या हाताने टेकला आहे आणि शरीरातून सूक्ष्म प्रवाह वाहतो आहे. यंत्राला आता ठोका ऐकूच येत नाही, फक्त गुणगुण येते. गप्प बसावं, की न ऐकता ठोके द्यावेत? बहुतेक यंत्रं दुसरा पर्याय घेतात. गोंगाट सलग आहे असं वाटलं की ती 1958 च्या पद्धतीवर जातात आणि ठराविक वेगाने ठोके देत राहतात. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण नको असताना दिलेला ठोका बहुधा निभावून जातो, हवा असताना न दिलेला निभावत नाही. पण गोंगाट सलग आहे हे किती मिलिसेकंदांच्या खिडकीत ठरवायचं? खरखर मधूनमधून तुटत असेल तर? तिथे एका कंपनीचं यंत्र एक वागेल, दुसरीचं दुसरं.

दोन तारांच्या, म्हणजे एक तार वरच्या आणि एक खालच्या कप्प्यात असलेल्या पेसमेकरमधली एक क्लृप्ती मला फार आवडते. वरच्या कप्प्याला दिलेला ठोका दोन-अडीच व्होल्टचा असतो. खालच्या तारेवरचा प्रवर्धक मिलिव्होल्ट ऐकायला बसलेला असतो. त्याच्या दृष्टीने तो स्फोटच. त्याने तो खालच्या कप्प्याचा ठोका समजला, तर खालचा ठोका रोखला जाईल आणि हृदय ठोक्याविना राहील. म्हणून वरचा ठोका देताना खालचं ऐकणं काही मिलिसेकंद पूर्ण बंद करतात. पण बंद काळ लांबवला तर त्यात खरा ठोका हुकू शकतो. म्हणून तो आखूड ठेवतात आणि त्याच्या लगेच पुढे संशयाची एक खिडकी ठेवतात. त्या खिडकीत काही ऐकू आलं, तर ते खरं की प्रतिध्वनी हे ठरवत बसायचं नाही. वरच्या ठोक्यापासून सुमारे 110 मिलिसेकंदांवर, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर, खालच्या कप्प्याला ठोका देऊन मोकळं व्हायचं. तो आवाज खरा ठोका असेल तर आपला ठोका नाजूक क्षणाच्या आधीच पडतो, प्रतिध्वनी असेल तर हृदय वाचतं. शंकेचा फायदा रुग्णाला. कायद्याच्या पुस्तकात शोभावा असा हा नियम कुणा अभियंत्याने मंडलात बसवला. असे नियम गुप्त ठेवण्यात कुणाचं भलं आहे?

आणि हे सगळं कशावर चालवायचं? बहुतेक करून लिथियम-आयोडिनच्या बॅटरीवर, 1970 च्या दशकापासून. व्होल्टेज 2.8, क्षमता ढोबळमानाने एक अँपियर-तास. सगळं यंत्र मिळून 10 मायक्रोअँपियर खात असेल, तर एक लाख तास निघतात, म्हणजे सव्वाअकरा वर्षांच्या आसपास. खर्च 20 वर गेला की आयुष्य निम्मं, आणि रुग्णाच्या छातीवरची कातडी पुन्हा उघडावी लागणार. त्यामुळे ऐकणाऱ्या प्रवर्धकाच्या वाट्याला एक मायक्रोअँपियरसुद्धा सढळपणे येत नाही. संकेताचे नमुने जास्त वेळा घेतले, आकडेमोड जास्त केली तर निवड सुधारते, पण बॅटरी झिजते. ऐकण्याची अचूकता आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख अशा रीतीने एकाच हिशेबात येतात. तो हिशेब कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. फॉर्मवर सही करणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. माणसाने बनवलेल्या सर्वांत विश्वासू यंत्रांत पेसमेकरची गणना होते. डॉक्टरांनी बसवायला सांगितला असेल, तर हा लेख वाचून कुणी तो पुढे ढकलू नये. वाद पेसमेकर घ्यावा की नाही याचा नाही, त्यावर देखरेख कुणाची याचा आहे.

कारण चुका होतात, आणि होतात त्या बऱ्याचदा याच ऐकण्याच्या जागी. डिसेंबर 2017 मध्ये बोस्टन सायंटिफिकने डॉक्टरांना एक इशारा पाठवला. त्यांच्या काही पेसमेकरमध्ये श्वासाचा वेग मोजणारा संवेदक असतो. तो छातीतून अतिशय सूक्ष्म प्रवाह सोडतो, आणि श्वासागणिक बदलणाऱ्या विद्युतरोधावरून माणूस बसला आहे की जिना चढतो आहे याचा अंदाज घेऊन ठोक्यांचा वेग वाढवतो. कल्पना उत्तम. पण तार आणि यंत्र यांच्या जोडणीत मधूनमधून सैलपणा आला, तर संवेदकाने सोडलेला संकेत ठोके ऐकणाऱ्या वाटेवर उतरायचा. यंत्र स्वतःच्याच आवाजाला हृदयाचा ठोका समजून गप्प बसायचं. तूर्त उपाय म्हणून संवेदक बंद ठेवायला सांगितलं गेलं. 2019 च्या जानेवारीत मेडट्रॉनिकची पाळी आली. वरच्या कप्प्याचा ठोका ऐकून त्यावर प्रक्रिया चालू असताना, घटनांचा एक विशिष्ट क्रम जुळून आला तर मंडल अडकायचं आणि खालच्या कप्प्याचा खरा ठोका ऐकू येईपर्यंत ठोके द्यायचंच थांबायचं. ज्याच्या खालच्या कप्प्याला स्वतःचा ठोका नाही, त्याने काय करायचं? जगभरात दीड लाखाहून अधिक यंत्रांचा हा प्रश्न होता. दोन्ही वेळा धातू गंजला नव्हता, बॅटरी फुगली नव्हती. दोष तर्कात होता, आणि तर्क कागदावर तपासता येतो.

तपासणारा बाहेरचा असला तर काय निघतं, याचंही उदाहरण आहे. 2007 साली याच बोस्टन सायंटिफिकने आपल्या एका जुन्या पेसमेकरचं तपशीलपत्र संशोधकांसाठी खुलं केलं. पन्नास पानांच्याही आतला दस्तऐवज. कोणत्या पद्धतीत कोणते कालावधी, कोणत्या मर्यादा, संकेत आला तर काय, नाही आला तर काय, सगळं लिहिलेलं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने ते आव्हान म्हणून जगापुढे ठेवलं: हे नियम गणिताने सिद्ध करून दाखवा. अनेक विद्यापीठांनी हात घातला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तर संगणकातलं हृदय तयार करून त्याला पेसमेकर जोडण्यात आला. यंत्र एकटं तपासलं तर निर्दोष दिसतं आणि हृदयाला जोडल्यावर दोघं मिळून चक्रात सापडतात, अशा अवस्था त्यात मांडून पाहता आल्या. उदाहरणार्थ, खालचा ठोका उलटा वर पोचतो, यंत्र त्याला वरच्या कप्प्याचा नवा ठोका समजून पुन्हा खाली ठोका देतं, आणि विनाकारण धडधड सुरू राहते. डॉक्टरांना हे चक्र पूर्वीपासून ठाऊक होतं. आता ते नियमांपासून पायरीपायरीने काढून दाखवता येऊ लागलं. दस्तऐवज खुला केल्याने ती कंपनी बुडाली नाही.

तरी कंपन्या म्हणतात, हे व्यापारी गुपित आहे. मला यातलं अर्धं मान्य आहे. चिपचा नकाशा, ट्रान्झिस्टरची मांडणी, एवढ्या कमी प्रवाहात प्रवर्धक कसा चालवला याची युक्ती, हे त्यांनी खुशाल जपावं. त्यासाठी पैसे आणि वर्षं ओतलेली असतात. पण यंत्र बाहेरून कसं वागेल, कशाला ठोका म्हणेल आणि कशाला खरखर, हे गुपित कसं? औषधाच्या गोळीत काय आहे ते वेष्टनावर छापावं लागतं, बनवण्याची कृती नाही. कायद्याने ती रेघ औषधांसाठी केव्हाच ओढली आहे. आणि भारतात 2020 च्या एप्रिलपासून वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या दृष्टीने औषधंच आहेत.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. नियम उघडे केले तर कुणी वाईट बुद्धीने यंत्रात शिरेल, असं सांगितलं जातं. हा मात्र मला अजिबात पटत नाही. 2008 मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या एका गटाने हृदयाला शॉक देणाऱ्या रोपण-यंत्राचा बिनतारी संवाद उलगडून दाखवला. हाताशी ऑसिलोस्कोप आणि रेडिओ. तपशीलपत्र त्यांना कुणी दिलं नव्हतं. संवाद कूटबद्धच नव्हता, त्यामुळे त्यांनी रुग्णाची माहिती वाचली आणि यंत्राची मांडणीही बदलून दाखवली. 2017 च्या ऑगस्टमध्ये ॲबटच्या पेसमेकरमधली बिनतारी त्रुटी दुरुस्त करायला अमेरिकेत 4,65,000 यंत्रांसाठी नवं सॉफ्टवेअर काढावं लागलं. ते दवाखान्यात जाऊनच घालायचं होतं आणि तेवढी काही मिनिटं यंत्र मिनिटाला 67 ठोक्यांच्या साध्या पद्धतीवर चालणार होतं. हे सगळं गुप्ततेच्या राज्यातच घडलं. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्येच लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहून ठेवलं होतं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडता कामा नये, गुपित काय ते किल्लीत असावं. पेसमेकरची किल्ली जरूर गुप्त ठेवा.

रुग्णांनी स्वतः विचारलं तर काय होतं? अमेरिकेतल्या वकील कॅरन सँडलर यांना शॉक देणारं यंत्र बसवायचं होतं. त्यांनी कंपन्यांकडे सॉफ्टवेअरचा मूळ कोड मागितला, तो मिळाला नाही. पुढे गरोदरपणात वाढलेल्या धडधडीला यंत्राने धोक्याची लय समजून त्यांना नको ते शॉक दिले. नॉर्वेतल्या संगणक-सुरक्षा संशोधक मारी मो यांना पेसमेकर बसवल्यावर थोड्याच दिवसांत लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एका जिन्यावर दम संपल्याचा अनुभव आला. वेग 160 च्या मर्यादेला टेकला आणि यंत्राने तो एकदम निम्म्यावर आणला. मर्यादा ओलांडली की प्रत्येक दुसरा ठोका सोडायचा, हा त्यातला नियम. तरुण, धावत्या बाईला ती मर्यादा योग्य नव्हती, आणि तपासणीच्या संगणकावर दिसणारी मांडणी व प्रत्यक्ष यंत्रातली मांडणी यांत तफावत निघाली. या दोघी शिकलेल्या, त्याच क्षेत्रातल्या. आपल्याकडे जिन्यावर दम लागलेल्या साठीच्या बाईला काय सांगतात? वय झालं.

आपल्याकडची तपासणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. रुग्ण येतो, कंपनीचा माणूस यंत्राशी बोलणारी, प्रोग्रामर नावाची आपली पेटी घेऊन येतो, छातीवर वाचक ठेवतो, पडद्यावर आलेख येतात, डॉक्टर एक नजर टाकतात, कागदाची एक पट्टी फाईलला लागते. एका कंपनीची पेटी दुसरीच्या यंत्राशी बोलत नाही. आत साठलेली महिनोन् महिन्यांची नोंद, किती वेळा खरखर आली, किती वेळा यंत्र गोंधळलं, ही त्या माणसाच्या हृदयाची नोंद असूनही त्याच्या हाती येत नाही. अमेरिकेतल्या अंत्यविधी संस्थांकडून मिळालेले, तपासून निर्जंतुक केलेले 53 पेसमेकर मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात गरजू रुग्णांना बसवले गेले होते. त्याचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. यंत्र मेलेल्या माणसाकडून जिवंत माणसाकडे जाऊ शकलं, पण त्याच्याशी बोलण्याची भाषा मात्र कंपनीचीच राहिली.

दोष निघाला तर आपल्या रुग्णापर्यंत बातमी पोचेल का? वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2015 पासून गाझियाबादहून चालतो, नियमावली 2017 ची आहे आणि पेसमेकर सर्वाधिक जोखमीच्या ड वर्गात आहे. कागदावर चौकट आहे. पण जॉन्सन अँड जॉन्सनच्या खुब्याच्या सांध्यांचं प्रकरण आठवून पाहा. 2010 मध्ये ते जगभरातून मागे घेतले गेले. भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झालेल्या होत्या, आणि वर्षानुवर्षं शोधूनही निम्म्याहून कितीतरी कमी रुग्णांचा माग लागला. त्या प्रकरणाचा पाठपुरावा आधी केला तो महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, हे आपल्यासाठी थोडं तरी भूषणाचं. खुबा दुखायला लागला की रुग्णाला निदान कळतं तरी. पेसमेकर दोन सेकंद चुकीचं ऐकून गप्प बसला, तर माणूस बाथरूममध्ये पडतो, आणि घरचे म्हणतात पाय घसरला.

घराचाच विषय निघाला म्हणून. या यंत्रांच्या विद्युत-गोंगाटाच्या चाचण्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार होतात आणि त्या कडक असतात. पण आपल्याकडे गावोगाव तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन नावालाच असते. गिझर, पाण्याची मोटर, मिक्सर यांतून गळणारा प्रवाह इथे नित्याचा आहे. अमक्या मॉडेलचं खरखर ओळखण्याचं गणित अशा गळतीत कसं वागतं, हे पुण्यातला किंवा नागपुरातला एखादा इन्स्ट्रुमेंटेशनचा विभाग दोन महिन्यांत तपासून सांगू शकेल. नियम हातात असतील तर. नसतील तर त्याला काळ्या पेटीला बाहेरून टोचत बसावं लागेल, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष कंपनी एका वाक्यात उडवून लावेल.

तर सरकारने काय करावं? नवा कायदा येईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पेसमेकर बसवले जातात. सरकारी रुग्णालयांची खरेदी राज्याच्या प्राधिकरणामार्फत होते. ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती अटी. निविदेत एक परिशिष्ट जोडावं. प्रत्येक मॉडेलसाठी फिल्टरचा प्रतिसाद, उंबरठ्याची मर्यादा आणि कारखान्यातून येतानाचा आकडा, ऐकणं बंद ठेवण्याचे कालावधी, सलग खरखरीत काय करतं, वेगाच्या मर्यादेवर काय करतं, हे सगळं तक्त्यात भरून द्यावं आणि ते संकेतस्थळावर राहावं. बॅटरी उताराला लागल्यावर काय होतं, हेही त्यात हवं. अनेक दोन तारांची यंत्रं तेव्हा वीज वाचवायला एका कप्प्याच्या साध्या पद्धतीवर उतरतात, आणि रुग्णाला अचानक गळून गेल्यासारखं का वाटतं हे घरच्या डॉक्टरांना उमगत नाही. तपासणीची संपूर्ण नोंद दरवेळी रुग्णाला कोणत्याही संगणकावर उघडेल अशा रूपात मिळावी. आणि दोषाचं पत्र रुग्णाच्या पत्त्यावर, मराठीत यावं.

हृदयरोगतज्ज्ञांपैकी काही यावर हसतील. रुग्णाला मिलिव्होल्ट समजणार आहेत का, असं विचारतील. नाही समजणार. शेतकऱ्यालाही बियाण्याचं जनुकशास्त्र समजत नाही, तरी पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा छापलेला असतो आणि बी उगवलं नाही तर त्या आकड्यावरून भांडता येतं. शिवाय खुले नियम वाचणार आहे तो दुसरा डॉक्टर, दुसऱ्या कंपनीचा अभियंता, पदव्युत्तर प्रकल्प शोधणारी एखादी विद्यार्थिनी. डॉक्टरांची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. आज कंपनीचा माणूस येऊन मांडणी करून देतो आणि ते सोयीचं आहे. ही सोय मोडली, तर कुणाला तरी वेळ काढून शिकावं लागेल. ही अडचण खरी आहे. जिल्हा रुग्णालयात तंत्रज्ञांच्या जागा भरल्याशिवाय ती सुटणार नाही, आणि तो खर्च या मागणीतच धरला पाहिजे.

देशी उद्योगाची काळजी वाटणारेही आहेत. मध्य प्रदेशात पिथमपूरला पेसमेकर बनवणारी कंपनी आहे, मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत 180 नॅनोमीटरच्या चिप बनतात. पेसमेकरला मोबाईलसारखी अतिसूक्ष्म चिप लागत नाही. उलट जुन्या, जाडसर तंत्रात चिपमधली विजेची गळती कमी असते आणि इथे गळती हाच शत्रू आहे. खुले नियम या लोकांना मारक ठरतील की तारक? नवख्या उत्पादकाला, आपलं यंत्र प्रस्थापित यंत्राइतकंच नीट ऐकतं, हे सिद्ध करायला आज मोजपट्टीच नाही. तक्ते खुले झाले तर ती मिळेल. त्या मोजपट्टीवर देशी यंत्र कमी पडलं तर तेही दिसावं. स्वदेशी म्हणून छातीत वाटेल ते ठेवायचं नाही.

सुरुवात एका तारेच्या, सर्वांत साध्या पेसमेकरपासून करावी, कारण त्याचे नियम थोडे आहेत आणि सर्वांत गरीब रुग्णाला बहुधा तोच मिळतो. परिशिष्ट भरून देणाऱ्या कंपनीला गुणांकनात थोडं झुकतं माप द्यावं. जी नकार देईल तिचा माल पहिल्या वर्षी तरी नाकारू नये, रुग्ण ताटकळत ठेवून तत्त्वं शिकवायची नसतात. फक्त तो नकार कारणासह लेखी घ्यावा आणि दरपत्रकात, त्या मॉडेलच्या किमतीच्या शेजारच्या रकान्यात, जसाच्या तसा छापावा.